कपाटातले एक्केचाळीस अंक

हुडकेश्वर, नागपूर
४ जून २०२५

प्रिय मारोतदादास,
सप्रेम जय भीम, वि. वि. फोनवर तुले ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. आमच्या कॉलेजची लायब्ररी बदलून राहिली. वाचनकक्षात कंप्युटर येणार. पुस्तकांवर बारकोड लागून राहिले, अन् ज्याची कंप्युटरात नोंद नाही ते रद्दीत जाणार. मागच्या कपाटात वसतिगृहाच्या पोरांनी साठ सालापासून हातानं लिहिलेले वार्षिक अंक आहेत, एक्केचाळीस. आपल्याच वस्त्यांतली पोरं ती. त्यांच्या नोंदीचं पान वाळवीनं खाल्लं. बोलली तर कंत्राटाची नोकरी जाईल, या भीतीनं गप राहिली, अन् चार अंक पिशवीत घालून घरी आणले. ही चोरीच झाली का गा?
माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी देवकी

खापरखेडा
७ जून २०२५

चि. देवकीस,
अनेक आशीर्वाद. शेजारची कैरी उचलायले भिणारी तू, अन् आता हे. हसू आलं, काळजीही वाटली. चोरी मी म्हणत नाही, पण गप काहून बसली वं? लायब्ररीच्या नव्या श्वेता मॅडम वाईट नाहीत, असं तूच म्हणते. पत्र पोचताच त्यांना सांग. नोकरी गेली तर माझ्या ताटात तुझी भाकर आहेच. बीपीची गोळी चुकवू नको. काय झालं ते कळवून मले निश्चिंत कर.
तुझा दादा, मारोत

हुडकेश्वर, नागपूर
१२ जून २०२५

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम, वि. वि. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारी चारही अंक मॅडमच्या टेबलावर ठेवले अन् सगळं सांगितलं. त्यांनी एकेक अंक उघडून पाहिला. मग म्हणाल्या की कपाट सोमवारीच रिकामं झालं, त्यांनी ते न उघडता रद्दीच्या कागदावर सही केली होती. आम्ही दोघी रद्दीवाल्याकडे धावलो. ट्रक कधीचा गेला होता. मॅडमनं न पाहता सही केली, मी पाहून गप राहिली. जास्त चूक कोणाची, हेच डोक्यात फिरून राहिलं.
नोकरी राहिली. आज चार अंक स्कॅन केले. मॅडम कंप्युटरात चारांचीच नोंद करत होत्या. मी म्हटलं, बाकीचेही लिहा, ते होते. त्यांनी उठून मले खुर्ची दिली. एका बोटानं टाइप करायले अर्धा तास लागला. लिहिलं की सदतीस अंक आमच्या हातून गेले.
आहे तशी तुझी,
देवकी