एकाकी स्त्रियांचा अभ्यास

३ जून
आजपासून रोज लिहायचं. एक दिवस चुकवायचा नाही. विषय : कादंबऱ्यांतली एकाकी स्त्री. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी तीस तारखेला माझं भाषण ठेवलंय. ऑफिसात नकाशे काढून आयुष्य गेलं, पण माझा खरा कल माणसांच्या मनाकडे, हे कुणाला तरी कळलं! सहा कादंबऱ्या आणल्या.

४ जून
चाळीस पानं. डोळ्यांत पाणी. बाई नवऱ्याला काहीतरी सांगू बघते आणि तो पेपरातून डोकं वर काढत नाही. असली माणसं असतात! ताईने चहासाठी दोनदा हाक मारली. लिंक तुटली. उद्यापासून दार लावून बसणार.

७ जून
मधले दिवस लिहायचे राहिले. वाचन चालू होतं. ताई म्हणाली, गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, येशील का सोबत? म्हटलं, सर्दीला सोबत कशाला? सर्दी नाहीये, म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. खोदून विचारणं माझ्या स्वभावात नाही. बाईला तिची स्पेस हवी. (भाषणात घ्यावं.)

११ जून
दुसरी कादंबरी संपली. बाई खंगत जाते आणि घरच्यांना पत्ताच नाही. लेखकाने जरा ताणलंय. एका छताखाली राहून असं कसं होईल? समासात तसं लिहिलं, पेन्सिलनं.
ताई आज जेवली नाही. वजन उतरवतेय वाटतं. बरंच उतरलंय. मीही सोमवारपासून सकाळी चालणार.

१६ जून
सोमवारी पाऊल दुखत होतं. जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. ताईकडे लक्ष आहे ना, म्हणाल्या. म्हटलं, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तिला काय धाड भरलीय? काकू नुसत्या बघत राहिल्या. भाषणाची बातमी पोचलेली दिसते.

२१ जून
ताईने कपाट रिकामं केलं. चांगल्या दोन शाली काकूंना देऊन टाकल्या. पाण्याचा कॉक कुठे, गॅस कसा बुक करायचा, कुकरच्या शिट्ट्या किती, सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय. नवीनच हौस. वाचताना तिचं ते खुडबुडणं सारखं कानावर येत होतं. आता घर एकदम शांत आहे. तिसरी कादंबरी झपाट्याने होईल.

२४ जून
शेवटी मीच विचारलं, काय गं, बरं आहे ना? (मी काही दगड नाही.) ती म्हणाली, तीस तारखेला सकाळी ॲडमिट व्हायचंय. मी चमकलो. अगं, तीसला माझं भाषण! ती म्हणाली, हो की, विसरलेच. समजूतदार आहे. कशासाठी ॲडमिट, ते विचारायचं राहिलं. उद्या नक्की.

२९ जून
विचारायचं राहिलं. शेवटचा परिच्छेद जमत नाहीये.

३० जून
सकाळी आठला ताई पिशवी घेऊन निघाली. काकू सोबत. दारात थांबून म्हणाली, ‘नीट बोल हं. घाई करू नकोस.’ मी पाठ करत होतो. मान हलवली.
संध्याकाळी भाषण. सतरा माणसं! ग्रंथपाल बाईंनी डोळे पुसले. बाईचं मन तुम्हाला किती कळतं हो, म्हणाल्या. घरी आलो तर कुलूप. काकूंच्याही दाराला कुलूप. भाषण कसं झालं, हे सांगायला कुणी नाही.

१ जुलै
सकाळी काकूंचा फोन. हॉस्पिटल, तिसरा मजला. ऑपरेशन पाच तास चाललं. पोटातली गाठ पूर्ण निघाली नाही. ताई अजून शुद्धीवर नाही. फॉर्मवर काकूंनी सही केली होती.
नर्सने विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, भाऊ. तिने फाइल उघडून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग फाइल माझ्याकडे वळवली. ‘घरात आणखी कोण’ या रकान्यात ताईच्या हाताने लिहिलेलं : कोणी नाही. एकटीच राहते.
म्हटलं, चुकून लिहिलंय, खोडा. मी आहे ना.
नर्स म्हणाली, ‘पेशंटची सही झालीय. आता खोडता येत नाही.’