खालच्या डेकवर आई

बाबा, आई चैत्रात गेली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा तिचं शेवटचं वर्ष कसं गेलं हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. त्या लायकीचा माणूस मी नाही, पण तुम्हाला दुसरा मुलगाही नाही. नागपूरला नंदनवनच्या घरात तुमच्या लोखंडी टेबलाशी बसून लिहितो आहे. कूलरची खस वाळून गेली आहे आणि बदलायला मला हौस उरलेली नाही. आईचं विसरणं वाढलं तेव्हा मी तिला सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडला माझ्याकडे घेऊन गेलो. निघताना शेजारच्या काकू मला श्रावणबाळ म्हणाल्या, आणि मी नाही नाही म्हणत ते कौतुक गुपचूप खिशात घातलं.

तिकडे उन्हाळ्यात तुमच्या सुनेनं आणि मी एक मोटारहोम भाड्यानं घेतली. साडेसात मीटर लांब, आतच ओटा, गॅस, पलंग, संडास. ही गाडी फेरी बोटीवर चढवून फ्रान्सला जायचं आणि आठवडाभर समुद्राकाठानं हिंडायचं, असा बेत होता. आईला ठेवणार कुणाकडे, म्हणून तिचाही फ्रान्सचा व्हिसा काढला. गाडीत चढल्याबरोबर तिला वाटलं आपण कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये परत आलो. ओट्यावरून हात फिरवून म्हणाली, "नळ बदलला वाट्टे. बरं केलं बापा." मग पडदा सरकवून बाहेर पाहिलं आणि खूश झाली, "आज राख नाही पडून राहिली. पापड घालता येते." तुमची सून हसली, मीही हसलो. इतपत ठीक होतं. पण बंदरावरच्या रांगेत तिचं लुगडं खराब झालं. त्या एवढ्याशा न्हाणीत मी तिला धुतलं, ती मला परका पुरुष समजून ओरडत राहिली, आणि शेजारच्या गाडीतली माणसं काचेतून पाहत राहिली. तिच्याबद्दल दया यायला हवी होती. मला नुसती लाज वाटत होती, आणि राग येत होता.

बोटीच्या पोटात गाडी नेणं म्हणजे परीक्षाच. पिवळ्या जाकिटातला माणूस हातवारे करतो, दोन्हीकडे वीतभर जागा, वर पत्र्याचं छत. गॅसचं सिलिंडर बंद करा, हँडब्रेक ओढा, आणि सगळ्यांनी वरच्या मजल्यावर जा. प्रवासात खाली कुणालाही थांबता येत नाही, दारं बंद होतात. तुमची सून म्हणाली, "मी खिडकीपाशी जागा धरते, तू आईंना लिफ्टनं घेऊन ये." आई दहीभात खाऊन नुकतीच झोपली होती. उठवलं तर पुन्हा रडारड, पुन्हा 'तू कोण गा', लिफ्ट दुसऱ्या टोकाला आणि तिथे ही गर्दी. मी पडदे ओढले, उतरलो आणि दाराला बाहेरून कुलूप लावलं. आतून उघडायची कडी होती, पण ती वर उचलून ओढावी लागे आणि आईला ती एकदाही जमली नव्हती. हे मला माहीत होतं. पिवळ्या जाकिटवाल्यानं आत कुणी आहे का विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. वर गेल्यावर तुमच्या सुनेला सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला झोपू द्या असं बोटीवालेच म्हणाले. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं.

तुम्ही मला उभ्या जन्मात एकदाच रागावलात, तेही कुलपावरूनच. मी सहावीत असेन. दुपारी आई झोपली होती, मांजर दुधात तोंड घालते म्हणून मी बाहेरून कुलूप लावून खेळायला गेलो, आणि तुम्ही पहिली पाळी करून दारात येऊन उभे. मारलं नाहीत. डब्याच्या पिशवीतून तुमचं पितळी कुलूप काढून माझ्या हातावर ठेवलंत. कोळसा दळायच्या मिलमध्ये दुरुस्तीला शिरताना तुम्ही ते स्विचला लावायचात, म्हणजे तुम्ही आत असताना मशीन कुणी सुरू करू नये. "आत जो जाते, चाबी त्याच्याजवळ राह्यते," तुम्ही म्हणालात. "बाहेरच्याजवळ नाही. तिले चक्कर आली असती, आग लागली असती, मंग? कोनाले हाक मारली असती तिनं?"

दीड तासानं दारं उघडली. समुद्राला जरा लाटा होत्या, बोट हलली की खालच्या गाड्यांचे अलार्म आपोआप वाजू लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. सगळा डेक किंचाळत होता. आई दाराला चिकटून उभी होती. दोन्ही तळवे लाल, सुजलेले, एका बोटाचं नख निघालेलं. तिनं मला ओळखलं नाही, गेटवरचा वॉचमन समजली. "किती वेळचा भोंगा वाजून राहिला," ती म्हणाली, "आमचे हे आत आहेत. गेट काहून नाही उघडलं गा तुम्ही?" तुम्हाला तो दिवस आठवतच असेल. बॉयलरची नळी फुटली होती, भोंगा वाजला आणि कॉलनीतल्या सगळ्या बायका गेटकडे धावल्या. तुम्ही संध्याकाळी चालत बाहेर आलात. तोवर ती त्या बंद गेटला धरून उभी होती, हे तिनंच मला पुढे सांगितलं होतं. बोटीवर तिला तो दिवस पुन्हा जगावा लागला, आणि या वेळी तुम्ही बाहेर आला नाहीत.

नंतर ती फारसं बोललीच नाही. घरात दार लोटलं तरी उठून त्याच्यापाशी उभी राहायची. जेवण सुटत गेलं. नागपूरला आणलं, इथलीही सगळी दारं उघडी ठेवली, उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "हा आजार असाच जातो, तुम्ही खूप केलंत." भेटायला आलेले सगळे तेच म्हणाले. कुलपाचं खरं कुणालाच माहीत नाही, तुमच्या सुनेलाही नाही. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवावं असं मनात होतं, पण आता शेजारी आईचाही फोटो लावला आहे. तिच्यासमोर ते तिथे सरकवायचा धीर होत नाही, म्हणून टेबलाच्या खणातच राहील.

एक राहिलं. सुनेला मी सांगत आलो की बोटीवर वर बसलो तरी माझा जीव खालीच होता. तसं नव्हतं, बाबा. तिची शंका मिटवल्यावर आम्ही खिडकीची जागा सोडून उघड्या डेकवर उन्हात बसलो. मी चहा घेतला आणि कितीतरी महिन्यांनी तो गरम असताना संपवला. तुमची सून काहीतरी बोलली, त्यावर मी मोठ्यानं हसलो. त्या दीड तासात मला आईची एकदाही आठवण झाली नाही.