डाव्या खांद्याची बंदूक

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला आधी वाईटच सुचलं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, बाबा ठीक आहेत. जेवतात, चिडतात, माझ्या कामातल्या चुका काढतात. गुडघ्यांमुळे आता जिना उतरून दुकानात येत नाहीत, पण खाली माझी कानस जरा वेडीवाकडी चालली की वरून काठी आपटतात. तू फोनवर विचारतेस आणि मी 'सगळं छान' म्हणून मोकळा होतो. फोनवर धड बोलता येत नाही, हे आपण दोघांनी बाबांकडूनच उचललं. म्हणून लिहायला बसलो.

भिंतीवरची ती मोठी दुनळी बंदूक तुला आठवत असणारच, गालाला तरी नक्की. तू रागावून गेलीस त्यानंतर बाबांनी ती कापडात गुंडाळून टांगली, आणि कुणी हात लावायचा नाही असा दम दिला. मला वाटलं, तुझ्यावरचा राग बंदुकीवर काढताहेत. यंदा त्यांच्या वाढदिवसाला ती चकचकीत करून त्यांच्या हातात द्यायची, असं माझ्या डोक्यात आलं. त्यांना पत्ता लागू न देता एका दुपारी उतरवली.

काय सांगू ताई, इतकी वर्षं लोकांच्या बंदुका दुरुस्त करतोय, पण घरातल्या बंदुकीची ओळख मला नव्हती. मी तिला बारा बोअरची समजत होतो. बाबा तिची काडतुसं स्वतः भरायचे, म्हणून कधी प्रश्नच आला नाही. बारा बोअरचं काडतूस घालून पाहिलं तर ते आत खुळखुळायला लागलं. नळ्या लाकडापासून सोडवून उलट्या केल्या, तर बुडाशी जुन्या चाचणीचे ठप्पे आणि त्यात ठळक दहाचा आकडा. आमच्या धंद्यात आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. गंज पुसल्यावर नळ्यांवर बारीक वळणांची नक्षी वर आली. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या नळ्या त्या, अशा आता कुणी करत नाही. दोरीला टांगून टिचकी मारली तर कितीतरी वेळ वाजत राहिल्या, म्हणजे सांधे शाबूत. खोट एकच दिसली. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता डावीकडे वाकलेला होता. भिंतीच्या ओलीने लाकूड फिरलं असणार, असं मी ठरवून टाकलं.

आणि मग माझ्यातला कारागीर जागा झाला. दस्त्याच्या मानेला कापड गुंडाळलं, त्यावर उकळतं जवसाचं तेल ओतत राहिलो, लाकूड मऊ झाल्यावर शिकंज्यात धरून उजवीकडे ओढलं आणि थंड होऊ दिलं. पहिले बार भिंतीआड उभं राहून, चापाला दोरी बांधून काढले. मग नेमबाजीच्या मैदानावर नेली. काळी दारू, बेताचे छर्रे, आणि एका वेळी एकाच नळीत काडतूस, कारण एका नळीच्या धक्क्याने दुसरीही उडू शकते. हे तुला मी काय सांगावं! तू बाबांच्या डब्यातली दोन काडतुसं चोरून दोन्ही नळ्या भरल्या होत्यास, दोन्ही एकदम उडाल्या आणि तुझा गाल टम्म सुजला होता. मी तेव्हा हसलो होतो. माझ्या मात्र हवेत उडवलेल्या पहिल्याच तबकडीचा चुरा झाला. मैदानावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी फुगून घरी आलो.

वाढदिवसाला बाबांच्या मांडीवर बंदूक ठेवली. त्यांनी नळ्यांवरून हात फिरवला, हसले. मग त्यांनी ती उचलून डाव्या खांद्याला लावली. मला काही कळेना, बाबा तर उजव्या हाताचे. डावा डोळा उघडा ठेवून त्यांनी नळ्यांवरून पाहिलं आणि बंदूक खाली घेतली. "कुणी सरळ केली?" म्हणाले. मी छाती फुगवून म्हणालो, "मी." त्यावर म्हणाले, "अरे, ती ताईची होती."

त्या सुजलेल्या गालावरून तुमचं भांडण झालं होतं. 'मी मुलगा असते तर शिकवलं असतंत,' असं तू त्यांना म्हणालीस. नंतर त्यांनी तुझ्या गालावरचा वळ आठवून पाहिला म्हणे. दस्ता उजव्या हाताच्या माणसाच्या बेताचा, तू डावखुरी, तो तुझ्या गालावर आदळणारच. तू माहेरून रागावून गेलीस त्या आठवड्यात त्यांनी तो तापवून तुझ्या बाजूला वाकवला. तू सुट्टीला येशील, तेव्हा खांद्याला लावून बघायची, कमीजास्त असेल ते करायचं, असा बेत. आई गेली तेव्हा तू आलीस ती दुसऱ्या दिवशी परतलीस. मग बोलावून सांगायला त्यांची जीभ वळली नाही. माझ्याशीही इतकी वर्षं बोलले नाहीत, ते त्या दिवशी बोलले. मी तुझा भाऊ, याच कामात मुरलेला, आणि घरात एकच डावखुरं माणूस होतं हे मला सुचलं नाही. मला फार लागलं ग ते. मीही तुला कधी विचारलं नाही, की तू येत का नाहीस.

बाबा त्या दिवसापासून मागे लागलेत, दस्ता पुन्हा वाकव आणि ताईला लिही, मला तिला एकदा ती चालवताना बघायचंय. मी तसाच खाली गेलो, तेल तापवलं. लाकूड जुनं, सुकलेलं, त्याच जागी तिसऱ्यांदा ओढलेलं. शिकंज्यात असतानाच मानेला आरपार चीर गेली. डिंक लावून, पट्टी ठोकून ती भिंतीवर शोभेल, पण दहा बोअरचा धक्का आता तिला कुणाच्याच खांद्यावर सोसणार नाही. बाबांना मी अजून हे सांगितलेलं नाही. दस्ता बसतोय, वेळ लागेल, असं म्हणतोय, आणि ते मान डोलावतात. तू बंदुकीसाठी येशील असं त्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं, ती तयार ठेवून तुला बोलवावं, म्हणजे बाकी काही बोलायची गरज पडणार नाही. ताई, आता तुला दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. तू तशीच ये.

तुझाच,
टिल्लू