गाडीची किल्ली मी नेली आहे

छोट्या,
गाडीची किल्ली शोधत बसू नकोस, मी नेली आहे. सकाळी बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा वास आला. जुना पाइप तडकलाय. इंजिन तापलं असतं, तर गाडीने पेटच घेतला असता. नवा पाइप आणायला गेले आहे.

बाबांनी गाडी तुला दिली तेव्हा मी फार जळले, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं तिचं ऑइल मी बदललं आणि तुला साधं बॉनेट उघडता येत नाही!

पुढे कधी धूर दिसला, तर इंजिन बंद करून सगळ्यांना उतरव आणि लांब पळ. गाडीचा मोह माझ्यावर सोड.

बाबांना पाइपचं सांगशील, तर तो कुणी बदलला तेही सांग.

ताई