पुढचं चाक

३ फेब्रुवारी, सोमवार

वहिनींचा फोन. ढब्बूला सायकल हवी आहे. साधी नाही — रेसची, वाकड्या हँडलची, बारीक टायरची! कॉलेजच्या टीममध्ये घेतलं तिला. मला वाटलं वहिनी म्हणतील, तुम्ही समजवा तिला. आठ वर्षांत त्या घरात सायकल हा शब्दसुद्धा कोणी काढलेला नाही. पण त्या म्हणाल्या, "घेऊ या. फक्त तुम्ही बघून घ्या, भाऊजी. तुम्ही बघितलीत की माझ्या जिवाला घोर नाही."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बजेट चाळीस हजार. त्यातले पंधरा ढब्बूने शिकवण्या घेऊन साठवलेले. (लहानपणी गुबगुबीत होती म्हणून दादाने ढब्बू नाव ठेवलं. आता सतरा वर्षांची काठी झाली आहे, तरी ढब्बूच.)

फोन ठेवल्यावर पाणी प्यायलो. दोन ग्लास.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा काचा घासण्याच्या यंत्राशेजारी बसून यादी केली. फ्रेम लोखंडाची की ॲल्युमिनियमची. गिअर आठ की नऊ. नवी की वापरलेली. हेल्मेटचे पैसे वेगळे काढायचे — त्यात कंजुषी नाही. आणि गंमत म्हणजे काही सायकलींना पेडल येतच नाहीत, वेगळे विकत घ्यायचे! म्हणजे मी चष्मा विकायचा आणि काड्यांचे पैसे वेगळे लावायचे. मार खाईन.

मला हे बरं जमतं. वीस वर्षं लोकांच्या नाकावर फ्रेम बसवतोय. कुठे रुततं, कुठे सैल होतं, लगेच कळतं.

दादाची सायकल जुनी होती, कोणाकडून तरी घेतलेली. तो गेल्यावर वहिनींनी ती आठवड्याच्या आत भंगारात दिली. मला दाखवलीही नाही. राग आला होता तेव्हा. आठवण म्हणून तरी ठेवायची!

९ फेब्रुवारी, रविवार

ढब्बूला घेऊन सायकलच्या दुकानात गेलो. मालक टकले, कानावर पेन्सिल. पोरगी आत गेली ती थेट एका लाल सायकलीला चिकटली. पेन्सिलवाले म्हणाले, "आधी माप, रंग शेवटी." तिला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत सरकवायला लावलं आणि पुस्तकाच्या कडेपाशी भिंतीवर रेघ मारली. ती लाजून हसत होती. त्यावरून फ्रेमचं माप निघालं एक्कावन्न. लाल सायकल छप्पन्नची. ढब्बूचं तोंड एवढंसं!

मला मजा येत होती. खरंच येत होती.

मग ते चाक कसं काढायचं, कसं लावायचं ते तिला दाखवायला लागले. पुढच्या चाकाच्या मधोमध तो छोटा लिव्हर असतो ना, तो. म्हणाले, "हे नीट बघ. हा स्क्रूसारखा पिळायचा नाही. पलीकडचा नट हाताने धरायचा आणि लिव्हर मिटायचा. दार लावतो तसा. मिटताना जोर लागला पाहिजे, तळहातावर खूण उमटली पाहिजे. लोक काय करतात, लिव्हर धरून गोल गोल पिळतात. घट्ट वाटतो! आणि उतारावर चाक निखळतं."

ढब्बूने विचारलं, "असं होतं?"

"आता चाक धरणाऱ्या चिमट्याला खाली ओठ असतात, चाक एकदम सुटत नाही. जुन्या सायकलींना नसायचे."

मी म्हणालो, "हो हो, माहीत आहे." का म्हणालो? मला माहीत नव्हतं. देवाशपथ, माहीत नव्हतं.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. ढब्बू म्हणाली, "काका, घाम किती आलाय तुला." ऊन आहे म्हणालो.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकानात दोन काचा फोडल्या. मालकीणबाई म्हणाल्या, घरी जा. नाही गेलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहून टाकतो. कोणाला सांगता येत नाही, निदान इथे तरी.

दादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या सायकलचं पुढचं चाक पंक्चर होतं. मी तिथेच जेवायला होतो. त्याने अंगणात बसून ट्यूबला ठिगळ लावलं, हवा भरली, आणि वहिनींनी पानं घेतली म्हणून हाक मारली. तो म्हणाला, "लाव रे तेवढं चाक, माझे हात मळलेत." आणि हात धुवायला गेला.

मी लावलं. माझा हात दिवसभर एकच काम करतो — चष्म्याचा स्क्रू उजवीकडे पिळायचा, थांबेल तिथे सोडायचा. तेच केलं. लिव्हर धरला आणि पिळला. पिळला, पिळला, पुढे जाईना इतका. वर आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्याने फुशारकी मारली, "हत्तीने ओढलं तरी निघणार नाही!" दादा टॉवेलने हात पुसत हसला. त्याने तपासलं नाही. मी लावलं होतं ना.

सकाळी सहाला तो निघाला. पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर सापडला.

सगळे म्हणाले वळणावर खडी होती. मीही म्हणालो. आलेल्या प्रत्येकाला दारात उभं राहून मीच सांगत होतो — खडी होती हो वळणावर. आठ वर्षं मी हेच सांगत आलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावरून टाकीकडे गेलो. पूर्ण उतार पायी उतरलो, वळणापाशी उभा राहिलो. मागून एक सायकल गेली, चाकांचा आवाज आला, आणि मी भिंतीला चिकटलो. लोक बघत होते.

दादाचं हसणं ऐकू येतं. दुसरं काही नाही, टॉवेल आणि हसणं. नळ सोडला की येतं. म्हणून हात धुताना गुणगुणतो हल्ली.

१६ फेब्रुवारी, रविवार

वापरलेली सायकल बघायला गेलो. एका गणिताच्या मास्तरांची. हौसेने घेतली, कंबर धरली, तेव्हापासून गॅलरीत चादरीखाली झाकलेली. माप एक्कावन्न! निळी. चेन चकचकीत, टायर कोरे, पुढचा चिमटा कार्बनचा. आणि बजेटमध्ये, वर हेल्मेट येईल इतके पैसे उरून. ढब्बूने गल्लीत एक चक्कर मारली आणि परत आली ती वेगळीच मुलगी होऊन. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी पुढच्या चाकाकडे बघितलं. लिव्हर.

मग खोट काढायला लागलो. चेन खाल्लेली आहे. ब्रेकचे रबर संपलेत. फ्रेमला केसाएवढी चीर दिसते. मास्तर बिचारे भिंग घेऊन आले. म्हणाले, "कुठे आहे, दाखवा." काय दाखवणार, कपाळ! नव्हतीच. त्यांना भारी लागलं. वीस वर्षं मी लोकांना काचेवरचा ओरखडा दाखवत आलो, नसलेली चीर पहिल्यांदाच दाखवली.

जिन्यात ढब्बू रडली. "तुला मला सायकल घ्यायचीच नाहीये, काका! आईने सांगितलंय ना तुला असं?"

नाही म्हणालो. एवढंच खरं बोललो दिवसभरात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उपाय सापडला! काही सायकलींना लिव्हर नसतोच. चाकातून आरपार दांडा जातो, तो पिळूनच घट्ट करायचा असतो. माझ्यासारख्यांसाठी. डिस्क ब्रेकसुद्धा. फक्त बजेटच्या अठरा हजार वर. वरचे मी घालीन. वहिनींना तसं फोनवर सांगितलं.

"अठरा हजार? कशासाठी?"

"ब्रेक चांगले आहेत."

"आणि मास्तरांच्या सायकलीचे वाईट आहेत?"

ततपप झालं माझं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला काही बोलायचं आहे का माझ्याशी?"

नाही, काही नाही, असं म्हणालो. लाज वाटते लिहायला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून गेलो. वाक्यही तयार होतं — वहिनी, ते चाक मी लावलं होतं. रस्ताभर घोकलं.

वहिनी पडदे शिवत बसल्या होत्या. तोंडात टाचण्या. मी समोर बसलो. त्यांनी टाचण्या काढून बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. अगदी वाट बघितल्यासारखं. आणि माझी दातखीळ बसली! शेवटी काय बोललो, तर पडद्याचा रंग छान आहे. त्या "हं" म्हणाल्या आणि पुन्हा शिवायला लागल्या.

सांगितलं तर हे घर तुटेल. आठ वर्षं मी इथे रविवारी जेवतोय. ढब्बूचं गणित, गॅसची नळी, वहिनींचा चष्मा, सगळं माझ्याकडे. हे सगळं मी भाऊ म्हणून करत होतो असं मला वाटत होतं. आता कळत नाही. आणि नाही सांगितलं, तर त्या मुलीच्या हातात मी तसलाच लिव्हर देणार, आणि तिची आई निर्धास्त झोपणार, कारण काकाने बघून घेतली आहे.

निघताना ढब्बूने गाठलं. मास्तरांना तिनेच फोन केलेला, सायकल अजून आहे. "मला ती निळीच हवी आहे, काका. बाबांच्या सायकलला असाच लिव्हर होता ना? फोटोत दिसतो. मला तसाच पाहिजे."

मी म्हणालो, घेऊ.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्सिलवाल्यांकडे एकटाच गेलो. लिव्हर मिटायला शिकवा म्हणालो. तासभर. पन्नासेक वेळा. त्यांनी कारण विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

घेतली. मास्तरांची माफी मागितली. त्यांनी पंप फुकट दिला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टॅक्सीच्या डिकीत मावेना, म्हणून पुढचं चाक काढलं. काढणं सोपं. आता चाक वहिनींच्या दाराशी एकीकडे उभं आहे, सायकल एकीकडे. ढब्बू लगेच लावू म्हणत होती. उद्या सकाळी लावू म्हणालो. उद्या तिची पहिली फेरी आहे. लावायच्या आधी वहिनींना सांगायचंच. आधी सांगणं, मग चाक.

१ मार्च, शनिवार

नाही सांगता आलं. खिशात हात घालून अंगणात उभा राहिलो. ढब्बूने स्वतःच चाक लावलं, लिव्हर मिटला, पाण्याची बाटली आणायला आत गेली.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. चाकापाशी उकिडव्या बसल्या. लिव्हर उघडला, पलीकडचा नट धरला, तळहाताने दाबून मिटला. सराईतासारखा. मग हात माझ्यासमोर धरला. मधोमध लाल रेघ.

"एवढी खूण उमटली पाहिजे, भाऊजी. भंगारात देण्याआधी त्याची सायकल मी दुरुस्तीवाल्याला दाखवली होती. त्याने सांगितलं मला तेव्हाच."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"तुमच्या नजरेला पडू नये म्हणून घाई केली," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही पुन्हा या घरात आला नसता."

ढब्बूचा बाटली भरतानाचा नळ ऐकू येत होता. वहिनींनी लिव्हर पुन्हा उघडला आणि बाजूला सरकल्या.

"आता तुम्ही लावा. ती यायच्या आत."

लावला. खूण अजून आहे.