प्रसादाचं सफरचंद

५ सप्टेंबर २०२४
पोचले! जपानातल्या सेंदाईहून बस, मग छोटी बोट, आणि समोर पाइनच्या झाडांनी भरलेलं बेट. विद्यापीठाच्या या घरात राहून मी आयर्लंडच्या जुन्या कथांतली बेटं इथल्या कोळ्यांच्या कथांशी ताडून बघणार. त्या बेटांवर कुणी म्हातारं होत नाही. पण तिथलं फळ खाल्लं की परतायचं नाही. परतलंच, तर किनाऱ्याला पाय लागताच माणसाची राख. आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली तिथलं काही खाऊ नकोस बाई. मी घरातली पहिली पदवीधर, म्हणून तिने इचलकरंजीत गल्लीभर पेढे वाटलेत. डिसेंबरात नुपूरताईचं बाळंतपण. तेव्हा घरी जायचंच.

आधी इथे असलेले पुण्याचे अंबरीषदादा काम सोपवून परवा निघतील. फार वर्षं आहेत म्हणे, पण दिसतात माझ्याएवढेच.

७ सप्टेंबर
गणपती. दादांनी मातीची मूर्ती केली, मी मोदक. नैवेद्यात त्यांनी परसातलं सफरचंद ठेवलं. मी हसत म्हटलं, बेटावरचं फळ मी खाणार नाही.

"अगं, आता ते फळ कुठे राहिलं? प्रसादाला नाही म्हणतेस?"

मी हात पुढे केला. त्यांनी स्वतः घेतला नाही. दुपारच्या बोटीने गेले.

१० सप्टेंबर
उरलेलं अर्धं सफरचंद आज अख्खं आहे. खाल्लं, तरी पुन्हा अख्खं. भाताचा वाससुद्धा सहन होत नाही. फक्त तेच हवंसं वाटतं.

१२ सप्टेंबर
घरी फोन केला. ताईने उचलला. मागे एक मूल पाढे म्हणत होतं. कुणाचं, असं विचारलं तर ताई भडकली. बाबा गेले तेव्हाही आली नाहीस, म्हणाली. आई अंथरुणावर आहे.

माझ्या फोनवर अजून २०२४ची बारा सप्टेंबरच.

१३ सप्टेंबर
अंबरीषला फोन लावला. दादा म्हणणार नाही आता. आवाज म्हाताऱ्याचा. म्हणाला, जागेवर दुसरं कुणी बसवलं तरच सुखरूप सुटता येतं. त्याला त्याच्या मुलीकडे जायचं होतं. मीच का, विचारलं.

"दुसऱ्या कुणी हजार प्रश्न विचारले असते. तू हात पुढे करणार, हे मला माहीत होतं."

वर सल्ला, तूही कुणाला तरी बोलाव.

हलकट. देवासमोर बसून. माझ्याच श्रद्धेला हाताशी धरून.

१५ सप्टेंबर
विद्यापीठाची मेल. इतकी वर्षं एकटी आहेस, मदतनीस पाठवू का? कश्मिरा नावाची मुलगी यायला तयार आहे.

एक हो म्हटलं की आई भेटेल.

सफरचंद समुद्रात फेकलं. परत आले तर ताटात—

१६ सप्टेंबर
विद्यापीठाला ‘नको’ म्हणून कळवलं. कुणाच्या लेकीच्या हातावर मी हे ठेवणार नाही. अंबरीष, तुझं पाप तुझ्यापाशी.

मी निघाले. राख तर राख.

बोटीत
आईला फोन लावलाय. वाजतोय—
धक्का दिसतो. बोटांची टोकं करडी पडलीत, पेन नीट धरता—
उचलला. आईच. आधी ओळखेना. मग म्हणाली, जेवलीस का—
बोट लागली. आई, ठेवू नकोस, मी उतरते आहे, एक पाय