एडक्याच्या नाकामागचं चामडं

कोल्हापूर, लेडीज होस्टेल
१२ जानेवारी २००३

ती. चन्नवीरकाकांस,
दानेश्वरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकू निरोप सांगताना निम्मं स्वतःचं घालतात, म्हणून हे पत्र. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान घालवलेत, पण अक्षर अजून ठणठणीत आहे तुमचं. तेव्हा उत्तर लिहा.

आमचा एडका हरला. एडका म्हणजे कॉलेजात आम्ही चौघांनी केलेला लढाऊ रोबो, दिवाळीत तुम्हाला चित्र दाखवलं होतं तो. जीपच्या वायपरच्या दोन मोटारी, चार चाकं आणि पुढं लोखंडी पत्र्याचं नाक. समोरच्याला धडकून बंद पाडायचं, एवढाच खेळ. सांगलीच्या स्पर्धेत त्यानं धडक झकास मारली, पण बंद पडला तो आमचाच. दणक्यानं बॅटरी हलली आणि वायर तुटली. काल नाकावर आणखी एक पत्रा चढवून पाहिला, तरी तेच.

आराखडा माझा, त्यामुळं बोलणीही मलाच. आमचा म्होरक्या सम्राट म्हणतो, २३ फेब्रुवारीला आपल्याच कॉलेजात स्पर्धा आहे, तिथं पहिल्या लढतीत बंद पडला तर पुढं यंत्र तो बघणार आणि मी फक्त नोंदींची फाईल लिहायची. काका, मला फाईल लिहायची नाही. तुमच्या मागाच्या खात्यात जाड पत्रा पडून असेल तर पाठवा. वजन बारा किलोच्या आत हवं, आणि आत्ताच पावणेबारा झालंय.

काकूंना नमस्कार. कान देता आला नाही, तरी माया असू द्यावी.
आपली, दानेश्वरी

इचलकरंजी
१७ जानेवारी २००३

चि. दानेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रा पाठवत नाही. रागावू नकोस, पुढं वाच.

तू मार कसा द्यायचा तेवढाच विचार केलास. दिलेला मार आपल्यालाही तेवढाच बसतो, त्याचं काय? आमच्या मागावर आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला दीडशे वेळा इकडून तिकडं जाऊन आपटतो. त्याला लोखंडानं अडवलं असतं तर संध्याकाळपर्यंत मागाचा खुळखुळा झाला असता. तो धक्का खातो पिकर, म्हणजे म्हशीच्या चामड्याचा ठोकळा, महिनोन् महिने तेलात मुरवलेला. शनिवारी शेजारचा गुंडू कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर दोन जुने पिकर आणि चामडी पट्ट्याचे तुकडे देतो. वास येईल, मैत्रिणींना सांगून ठेव.

तुझी काकू म्हणते, मी निरोपात काही घालत नाही, फक्त चव आणते.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे लिहून कळवायला नको.
तुझा, चन्नवीरकाका

कोल्हापूर
२ फेब्रुवारी २००३

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पिकर मिळाले. वासानं रूममेट दोन दिवस दुसऱ्या खोलीत झोपली.

मी चामडं एडक्याच्या नाकावर नीट ठोकून बसवलं आणि धडक घेतली. एडका बंद पडला नाही, पण चाचणीला समोर ठेवलेलं खोकंही हललं नाही. उशी मारल्यासारखं झालं. एडक्याला चप्पल घातली म्हणून सम्राट पोट धरून हसला, आणि मी पण हसले, पण खोलीवर येऊन रडले. आता तीनच आठवडे उरलेत.

काका, तुम्ही स्पर्धेला या. एवढं मागते.

हट्ट करायचा हक्क तुम्हीच दिलाय, तो काढून घेऊ नये.
आपली, दानेश्वरी

इचलकरंजी
६ फेब्रुवारी २००३

चि. दानेश्वरीस,
आशीर्वाद.

चूक माझी, मी नीट लिहिलं नाही. चामडं बाहेर नाही, आत. नाक लोखंडाचंच राहू दे, पण त्याच्या बोल्टांची भोकं लांबट कर, म्हणजे धडकल्यावर नाक दोन बोटं मागं सरकेल. नाक आणि अंग यांच्या मधे पिकर बसव. बॅटरीखाली पट्टा घाल. वरचा जादा पत्रा काढून टाक, वजनही उतरेल.

येण्याचं म्हणशील तर नको. गर्दीत कोण काय बोलतंय मला कळत नाही. लोक दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा तोंड फिरवतात. लग्नकार्याला जायचंही मी सोडलंय, ते तुला ठाऊक आहे. मला लाज वाटते, खरं तेच लिहितो.

रडू नकोस. इथून पाठीवर हात आहे असं समज.
तुझा, काका

इचलकरंजी
२४ फेब्रुवारी २००३

चि. दानेश्वरीस,
आशीर्वाद.

आलो होतो, ते तू पाहिलंसच. पाळी बदलून घेतली. काकूनं सदरा इस्त्री करून हातात दिला, म्हणून यावं लागलं.

मैदानाच्या लाकडी कठड्याला हात लावून उभा होतो. एडक्यानं धडक मारली आणि दोन्ही यंत्रं एकमेकांत अडकून गप्प झाली. लोक तोंडं उघडून ओरडत होते, पंच बोटांवर आकडे मोजायला लागले, तुझा तो सम्राट डोकं धरून खाली बसला. पण माझ्या तळहाताला कठडा बारीक थरथरताना लागत होता. माग चालू आहे का बंद, हे मी गेली दहा वर्षं असंच हातानं बघतो. मोटार जिवंत होती, फक्त चाक अडकलं होतं. म्हणून तुला मागं घे, मागं घे असं ओरडलो. लोक बघायला लागले, पण बघू दे म्हटलं.

तू मागं घेतलंस आणि एडका सुटून फिरला, तेवढं पाहिलं. मग कर्ण्यावर काहीतरी पुकारलं, ते मला कळलं नाही. कुणाला विचारायचा धीर झाला नाही आणि रात्रपाळीसाठी एसटी गाठायची होती, म्हणून तुला न भेटताच निघालो. निकाल काय लागला ते कळव. काकू सकाळपासून विचारते आहे.

उत्तराची वाट बघतोय, तेवढी मात्र जास्त बघायला लावू नकोस.
तुझा, काका

कोल्हापूर
२६ फेब्रुवारी २००३

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जिंकलो. समोरचं यंत्र पुन्हा हललंच नाही, म्हणून पुकारलं ते आमचंच नाव होतं. तुम्हाला शोधत मी फाटकापर्यंत पळत गेले, तर एसटी वळणावर होती. दुसऱ्या लढतीत चाकच निखळलं आणि हरलो, पण बॅटरी जागची हलली नाही. यंत्र माझ्याकडंच राहिलं, फाईल आता सम्राट लिहितोय. अक्षर घाण आहे त्याचं.

त्या क्षणी मी रिमोट खाली ठेवला होता, काका. मोटार चालू आहे हे माझ्यासकट कुणालाच ऐकू आलं नाही, इतका गोंगाट होता. तुमचा आवाज आला म्हणून उचलला.

मार्चमध्ये मिरजेला स्पर्धा आहे. फॉर्म सम्राटनंच भरला. पाच जण चालतात म्हणून पाचवं नाव तुमचं घातलं आणि कोण काय करतो त्या रकान्यात तुमच्यापुढं एकच शब्द लिहिला: ऐकणे.

इस्त्रीचा सदरा तयार ठेवावा, आणि कठड्यावरचा तो हात कायम आमच्या बाजूला असावा.
आपली, दानेश्वरी